निबंधातला परिच्छेद: मुद्दा आहे, माहिती आहे, तरी मार्क कुठे जातात?

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यात निबंधाचा २५० मार्कांचा वेगळा पेपर आला, यूपीएससीला तर तो आधीपासून आहेच (तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १२५ मार्क, हजार ते बाराशे शब्द, आणि मराठीतून लिहिता येतात), त्यामुळे इतकी वर्षं गोल काळे करण्यात घालवलेली मंडळी एकदम "निबंध कसा लिहायचा" ह्या प्रश्नावर येऊन थांबली आहेत. उत्तर काय मिळतं, तर प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप. चूक काहीच नाही त्यात, पण हाती काही लागतही नाही, कारण बहुतेक सगळा निबंध त्या "मुख्य भाग" नावाच्या गठ्ठ्यात असतो आणि तो गठ्ठा आतून कसा बांधायचा ह्याबद्दल कोणी बोलत नाही. तो परिच्छेदांनी बांधतात. एमएचा पेपर असो, सेमिनार असो नाहीतर पीएचडीचं प्रकरण, काम तेच.

आपला घोळ शाळेपासून सुरू होतो. शाळेत आपण काय लिहिलं? मी पाहिलेला सूर्योदय, झाडाचं आत्मवृत्त, पाऊस पडलाच नाही तर. तिथे परिच्छेद म्हणजे श्वास घ्यायची जागा, सातआठ ओळी झाल्या की नवीन ओळीवर यायचं, मध्ये एखादी कविता टाकायची, शेवटी सुविचार. ते लेखन वाईट नव्हे, त्याचं काम वेगळं आहे, तिथे वाचकाला गुंगवून न्यायचं असतं. अभ्यासाच्या निबंधात समोरचा वाचक गुंगायला बसलेलाच नसतो, तो "कशावरून?" असं विचारायला बसलेला असतो. तर ह्या लेखापुरती व्याख्या अशी धरू की परिच्छेद म्हणजे एक दावा, आणि तो दावा पटेपर्यंत लागणारी वाक्यं. दावा पटला की परिच्छेद संपला.

आता हे हवेत न ठेवता एक खरा विषय घेऊ, रोजगार हमी योजना. महाराष्ट्राचा आहे, सगळ्यांना थोडाफार माहीत आहे, आणि ह्या विषयावर ज्या प्रकारचा परिच्छेद उत्तरपत्रिकेत हमखास सापडतो तो साधारण असा:

"रोजगार हमी योजना ही महाराष्ट्राची अत्यंत महत्त्वाची योजना आहे. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. वि. स. पागे हे या योजनेचे जनक मानले जातात. तसेच १९७७ साली यासंबंधी कायदा झाला. या योजनेतून पाझर तलाव, रस्ते, बंडिंगची कामे झाली. तसेच महिलांनाही मोठ्या प्रमाणावर रोजगार मिळाला. यामुळे २००५ साली केंद्र सरकारने देशभर असा कायदा केला. अशा प्रकारे ही योजना ग्रामीण भागासाठी वरदान ठरली."

ह्यातली सगळी माहिती बरोबर आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे, कारण लिहिणाऱ्याला वाटतं की माहिती बरोबर आहे म्हणजे मार्क मिळायला हवेत. पण एक प्रयोग करून बघा, मधली वाक्यं कशीही वरखाली करा. पागे आधी, दुष्काळ नंतर, महिला वर, पाझर तलाव खाली. काही बिघडलं? नाही बिघडलं. ज्या परिच्छेदातली वाक्यं पिसून टाकली तरी फरक पडत नाही तो परिच्छेद नसतो, ती यादी असते, फक्त तिचे नंबर काढून टाकलेले असतात. आणि पहिलं वाक्य बघा, "अत्यंत महत्त्वाची योजना आहे". ह्याला कोणी नाही म्हणणार आहे का? ज्याला कोणी नाही म्हणूच शकत नाही ते सिद्ध करण्यात पानं घालवायची कशाला. शेवटचं "वरदान ठरली" पण तसंच, हे वाक्य हरितक्रांतीला लावा, मोबाइलला लावा, कुठेही बसतं.

मग दावा कसा असतो? इथे आपल्याकडची एक जुनी गोष्ट फार उपयोगी पडते. न्यायदर्शनात, म्हणजे गौतमांच्या न्यायसूत्रांच्या परंपरेत, दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवून द्यायची तर पाच पायऱ्या सांगितल्या आहेत, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. तर्कशास्त्र ज्यांनी घेतलंय त्यांना ते डोंगरावरच्या आगीचं ठरलेलं उदाहरण आठवत असेल. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर असतो तिथे आग असते, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. ह्या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून ह्या डोंगरावर आग आहे, हे निगमन. हल्ली इंग्रजीतून परिच्छेद शिकवताना मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण, जोडणी असं काहीतरी चौकटीत घालून देतात, ते बघितलं की मला दरवेळी वाटतं की अरे हे तर घरचंच आहे, आणि घरचं जरा जास्त बारकाईचं आहे.

बारकाई कुठे, तर उपनयात. आपल्या बहुतेकांच्या परिच्छेदात प्रतिज्ञा असते (बरी-वाईट), पुरावा असतो, शेवटी "अशा प्रकारे" पण असतं. गायब असतो तो उपनय, म्हणजे "हा जो पुरावा मी दिला तो माझ्या ह्याच दाव्याला कसा लागू पडतो" हे सांगणारं वाक्य. आपल्याला वाटतं ते उघडच आहे, आपल्या डोक्यात ते जोडलेलंच असतं ना, मग कशाला लिहायचं. पण वाचकाच्या डोक्यात ते जोडलेलं नसतं. तो सनावळी वाचतो, नावं वाचतो आणि मनात म्हणतो, बरं, मग? तिथेच मार्क जातात. माझं तर मत असं आहे की कोणी परिच्छेदाबद्दल एकच गोष्ट शिकणार असेल तर त्याने उपनय लिहायला शिकावं, बाकी सगळं हळूहळू येतं.

तोच विषय आता दावा धरून लिहू.

"रोजगार हमी योजनेचे वेगळेपण लोकांना काम दिले यात नाही, काम मागण्याचा हक्क दिला यात आहे. दुष्काळात सरकारने कामे काढणे महाराष्ट्राला नवीन नव्हते. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने ती काढली होती आणि १९७२ च्या दुष्काळातही ती निघाली. पण ती कधी काढायची आणि कधी बंद करायची याचा निर्णय सरकारच्या हाती होता. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने, जो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, हा क्रम उलटा केला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले की ते १५ दिवसांत देणे सरकारवर बंधनकारक झाले, मग त्या वर्षी दुष्काळ जाहीर झालेला असो वा नसो. म्हणजे कामाची गरज आहे की नाही हे ठरवणारा माणूसच बदलला. आधी तो सरकारी कचेरीत बसत होता, आता तो कामाच्या शोधातला मजूर होता. दुष्काळी मदत आणि हमी यांतला फरक तो हाच, आणि २००५ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राकडून घेतलेली मुख्य गोष्टही हीच होती."

(लेख मी बोलीत लिहितोय, पण पेपरात अशीच लेखी भाषा ठेवा, "कामं" वगैरे नको.)

आता हे पिसून बघा. जमणार नाही, कारण "पण ती कधी काढायची" हे वाक्य आधीच्या वाक्याशिवाय उभंच राहत नाही आणि "क्रम उलटा केला" म्हणायला आधी क्रम सांगितलेला असावा लागतो. पहिलं वाक्य ही प्रतिज्ञा, आणि ती अशी आहे की एखादा म्हणू शकतो, कशावरून? कामं तर निघालीच होती की आधी. म्हणून लगेच आधीची कामं आली, मग कायदा आला, १५ दिवसांची अट आली. आणि "म्हणजे कामाची गरज आहे की नाही हे ठरवणारा माणूसच बदलला" हा उपनय. हे वाक्य झाकून परिच्छेद पुन्हा वाचा, सगळी माहिती जागेवर आहे पण दावा आणि कायदा एकमेकांशेजारी नुसते बसलेत असं वाटतं.

अजून एक बघा, पहिल्या परिच्छेदातल्या कितीतरी गोष्टी दुसऱ्यात नाहीत. पागे नाहीत, पाझर तलाव नाहीत, महिला नाहीत. मुलांना हेच सगळ्यात जड जातं, पाठ केलेलं सोडवत नाही. पण पागेंना काढून टाकलेलं नाही, त्यांना स्वतःची जागा द्यायची. विधान परिषदेचे सभापती असलेला माणूस ही कल्पना नुसती मांडून थांबत नाही, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ती आधी करून बघतो, ह्यातून "ही योजना दुष्काळाच्या घाईत सुचलेली नव्हती" असा एक स्वतंत्र दावा निघतो आणि तो स्वतंत्र परिच्छेदाच्या लायकीचा आहे. तसंच पैशाचं. तुमच्या पगारातून महिन्याला जो २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स कापला जातो, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००, तो व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आला तो ह्या हमीसाठी पैसा उभा करायला. म्हणजे शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचं आणि खेड्यातल्या मजुराला द्यायचं असा हिशोब होता. भारी माहिती आहे, वाचणारा पण क्षणभर थांबेल, पण हक्काच्या परिच्छेदात ती घुसवली तर दोन्ही मुद्दे मरतात. तिला "हमी टिकली कारण तिच्यामागे स्वतःचा पैसा होता" असा दावा द्या आणि नवीन ओळीवर न्या.

दावा पहिल्याच वाक्यात हवा का, ह्यावर लोक फार भांडतात. परिच्छेदाच्या सुरुवातीला त्याचा विषय कळला पाहिजे हा नियम इंग्रजीत पक्का केला तो अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने, १८६६ साली, आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकं तो घोकून घेतायत. पुढे १९७४ मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक ह्या अमेरिकन अभ्यासकाने चांगल्या मासिकांत छापून आलेले लेख घेऊन मोजलं, तर जेमतेम १३ टक्के परिच्छेदांची सुरुवात अशा वाक्याने होत होती. म्हणजे मुरलेले लेखक हा नियम पाळतच नव्हते. ह्यावरून काही जण म्हणतात की मग नियमच खोटा. मला तसं वाटत नाही. मासिकाचा वाचक आरामात वाचतो, त्याला थोडं ताटकळत ठेवलं तर मजा येते, मराठी ललित लेखात तर दावा शेवटच्या ओळीत टाकून धक्का द्यायची आपली सवयच आहे. परीक्षकापुढे मात्र गठ्ठा असतो. त्याला ताटकळत ठेवू नका, दावा वर ठेवा. फार तर एक वाक्य मागच्या परिच्छेदाशी जोडायला घ्या आणि दुसऱ्या वाक्यात दावा टाका. प्रबंधात, जिथे वाचक तुमच्या विषयातला आहे आणि त्याला वेळ आहे, तिथे कधीतरी आधी पुरावा रचून मग दावा आणला तर चालतं, शोभतं सुद्धा, पण आधी वर ठेवायला येऊ दे.

वाक्यं एकमेकांत अडकवायची कशी हा पुढचा भाग, आणि इथे इंग्रजी पुस्तकांचा सल्ला जसाच्या तसा उचलला तर फसतो. ते सांगतात की ओळखीची गोष्ट वाक्याच्या सुरुवातीला ठेवा आणि नवीन, वजनाची गोष्ट अगदी शेवटी. पहिला अर्धा भाग मराठीलाही लागू आहे. दुसरा नाही, कारण आपल्या वाक्याच्या शेवटी क्रियापद येऊन बसतं. मराठीत वजन पडतं ते साधारणपणे क्रियापदाच्या लगेच आधीच्या जागेवर. "हा कायदा विधिमंडळाने १९७७ साली केला" असं म्हटलं की कान १९७७ वर थांबतो, पुढचं वाक्य त्या काळाबद्दल असेल असं वाटतं. "१९७७ साली हा कायदा विधिमंडळाने केला" म्हटलं की कान विधिमंडळावर थांबतो, आता कोणी केला, कोणी नाही केला ह्याबद्दल काही येणार असं वाटतं. दोन्ही वाक्यं बरोबर, शब्द तेच. पण पुढे तुम्ही आणीबाणीनंतरच्या काळाबद्दल बोलणार असाल तर पहिलं घ्या, आणि हे सरकारी जीआरवर न सोडता कायद्याने बांधलं असं म्हणणार असाल तर दुसरं. लिहिताना एवढं कोणी बघत नाही हे खरं, पण वाचून दुरुस्त करताना बघितलं तर परिच्छेद आपोआप सुटसुटीत वाटायला लागतो आणि वाचणाऱ्याला कळत पण नाही की का.

"तसेच" आणि "यामुळे" ह्या दोन शब्दांनी मराठी निबंधाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं शुद्धलेखनाच्या चुकांनी पण केलं नसेल. "तसेच" म्हणजे मला जोड सापडली नाही पण वाक्य तर टाकायचंय. "यामुळे" त्याहून वाईट, कारण ते कारण असल्याचा आव आणतं. वरच्या पहिल्या परिच्छेदात "यामुळे २००५ साली केंद्र सरकारने" असं आहे, आता यामुळे म्हणजे कशामुळे? महिलांना रोजगार मिळाल्यामुळे? पाझर तलावांमुळे? लिहिणाऱ्यालाही माहीत नाही. साधा उपाय असा की "हे, ही, यामुळे" च्या पुढे नाम लिहायचं, "ह्या हक्कामुळे", "ह्या करामुळे", "मजुरीच्या ह्या दरामुळे". नाम सुचत नसेल तर समजा की कारणच नाहीये, वाक्य काढून टाका.

विरोधी बाजूचा परिच्छेद ही वेगळी कला आहे आणि तीही आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणून जुनी आहे. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग त्याचं खंडन, मग आपला सिद्धान्त. पण पूर्वपक्ष असा मांडायचा की समोरच्याने वाचून म्हणावं, हो, माझं म्हणणं हेच आहे. "काही लोक या योजनेवर टीका करतात परंतु ती चुकीची आहे" हा पूर्वपक्ष नाही, ही टाळाटाळ आहे. रोजगार हमीवर खरी टीका होती आणि ती वजनदार होती, की खडी फोडून ढीग तसेच पडून राहिले, मुरूम टाकलेले रस्ते पावसाळ्यात वाहून गेले, हजेरीपटावर खोटी नावं लागली, आणि १९८८ मध्ये मजुरीचा दर वाढवल्यावर सगळ्यांना पुरेल एवढं काम काढणं सरकारला जड जाऊ लागलं. हे सगळं नीट मांडा. आणि मग खंडन करताना सगळंच खोडायला जाऊ नका, जेवढं खरं आहे तेवढं मान्य करा आणि आपला दावा त्याच्यापासून कसा वेगळा आहे ते दाखवा. बांधलेला रस्ता टिकला नाही ही टीका कामाच्या दर्जावर आहे, काम मागायच्या हक्कावर नाही, असं म्हणता येतं. हे वाक्य पण उपनयच आहे बघा, फक्त उलट्या बाजूने लावलेला.

पीएचडीवाल्यांचा रोग थोडा वेगळा. तिथे संशोधन साहित्याचा आढावा नावाच्या प्रकरणात प्रत्येक परिच्छेद एका अभ्यासकाच्या नावावर काढलेला असतो. अमुक यांच्या मते असं, पुढच्या परिच्छेदात तमुक यांच्या मते तसं, आणि स्वतः लिहिणारा कुठेच नाही. परिच्छेद माणसांवर न काढता वादाच्या मुद्द्यावर काढा. रोजगार हमीमुळे शेतमजुरीचे दर वाढले का, हा एक मुद्दा, त्यात चार अभ्यासक एकाच परिच्छेदात एकमेकांशी बोलू देत, आणि पहिलं वाक्य तुमचं असू दे की ह्या प्रश्नावर मतं कुठे फुटतात. थोरामोठ्यांच्या अवतरणांचं पण तेच. अवतरण हा पुरावा नसतो, फक्त आपण एकटेच असं म्हणत नाही एवढंच त्यातून कळतं.

लांबीचा नियम विचाराल तर नाही. हजार-बाराशे शब्दांच्या निबंधात दहाच्या आसपास परिच्छेद बसतात, म्हणजे एकेक शंभर-सव्वाशे शब्दांचा, पण हे हिशोबातून निघालं, कोणी ठरवून दिलेलं नाही. तीन वाक्यांत दावा पटत असेल तर तीन वाक्यं. एका वाक्याचा परिच्छेद वर्तमानपत्रात छान दिसतो, निबंधात तो पुरावा विसरल्यासारखा दिसतो. तसं बघितलं तर परिच्छेद पाडणं हेच मराठीत फार जुनं नाही, मोडीचे कागद बघा, शब्दांमध्ये सुद्धा जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, लेखणी चालली की चालली. विरामचिन्हं आपल्याकडे रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी ह्या इंग्रज कोशकाराच्या खटपटीनंतर. म्हणजे कुठे थांबायचं हे वाचकासाठी दाखवायची सवय आपल्याला दोनशे वर्षांची पण नाही.

लिहून झालं की तपासायचं कसं, तर पेन्सिल घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेजारी समासात त्याचा दावा एका वाक्यात लिहा. विषय नाही लिहायचा, दावा. "पागे" असं नाही, "योजना घाईत सुचलेली नव्हती" असं. मग निबंध बाजूला ठेवून फक्त समास वरून खाली वाचा. तो नीट वाचला गेला, एकातून दुसरं निघत गेलं, तर निबंधाची रचना ठीक आहे. एका परिच्छेदासमोर दोन वाक्यं लिहावी लागली तर तो तिथे फोडा. दोन परिच्छेदांसमोर तेच वाक्य आलं तर एक केला पाहिजे, आणि बहुतेक वेळा दुसरा जास्त चांगला लिहिलेला असतो कारण तोपर्यंत हात बसलेला असतो, तो ठेवा. एखाद्यासमोर काहीच लिहिता आलं नाही तर तो कितीही आवडता असला तरी काट मारा. परीक्षेत पेन्सिल घेऊन बसायला वेळ नसतो, तिथे हेच उलट करायचं, पहिली दहा-पंधरा मिनिटं कच्च्या पानावर नुसता समास लिहायचा, दहा दावे एकाखाली एक, आणि त्यातल्या ज्या दाव्याला पुरावा सुचत नाही तो तिथेच खोडून मग पहिली ओळ लिहायला घ्यायची.